नग

बस पोरी. त्या रव्यावर नगं, चिकटशील,
हितं बारदानावर बस.
निलोफर मुजावर न्हवं? बावड्याची?
लिव्ह मग. पिराजी गोविंदा चौगले.
वय चोपन्न, म्हंजे आधारकार्डावर.
उंची कुनी कवा मोजली न्हाई,
पन ट्रकाचा फाळका माज्या छातीला लागतोय
आन् बाळकूच्या कमरंला.
तेवड्यावरनं काय कळतंय का बग.

तंबाखू खातो. बिडी सोडली.
झोपंचं हंगामात इचारू नगं.
दसऱ्याला गूळ सुरू हुतोय, शिमग्यापातूर दम न्हाई.
रात्री दोनला गाडी लागली
की दोनला कंबर उठती,
मी मागनं उठतो.

वाकताना गुडघ्यात का कमरंत?
हे बेस इचारलंस.
तालमीत वस्तादानं हेच शिकीवलं हुतं,
गुडघ्यात वाक, वझं छातीशी घे,
पाय रोव, मग उठ.
मातीत जमायचं.
गाडीत वर ताडपत्री, म्होरं थप्पी,
पाय ठेवाय वीतभर फळी,
ती बी गुळानं बुळबुळीत.
तितं गुडघ्याला कोन इचारतंय?
कमरंत वाकायचं, आन् वाकल्यावर वळायचं.
वळायचं ते ठळक लिव्ह.
वाकन्यापरीस वळनं वंगाळ.

आदी रवा तीस किलोचा हुता.
मग धाचा आला, पाचाचा आला,
आता तर किलोचा, खोक्यातनं.
आमी म्हनलं, चला, कंबर सुटली.
पन हमाली वजनावर.
तेवड्याच पैशाला
जितं येकदा वाकायचं, तितं तीनदा वाकाय लागलं.
लांबनं बगनाऱ्याला वाटतंय,
काय हलकं हलकं उचलत्यात ही मानसं.

दुखतंय किती, शून्य ते धा?
त्या काट्यावर मी कवा चढलो न्हाई बग.
आमच्या काट्याला किलो कळतंय.
सकाळी उठताना दोन रवं, जुनं, तीसचं.
आंगूळ झाली की येक.
कामाला लागलो की काय न्हाई,
इंजन गरम हाय तवर चालतंय.
सांजंला येष्टीत बसलो
की मग मोजू नगं.

आता हे काय इचारलंस?
कामात समाधान हाय का?
समाधानाचा आन् कमरंचा काय पावना-पै गं?

असतोय म्हनतीस. पुस्तकात हाय.

हां.
मग बाळकूचं लिव्ह.
तीस वर्सं त्याच्या पाठीनं हूं का चूं केलं न्हाई.
येक दिवस खोकं कमी आलं,
दुकानदारानं सगळ्यांच्या म्होरं
त्याची जेवनाची पिशवी उलटी करून झाडली.
भाकरी, कांदा, चुन्याची डबी.
बाळकूनं वाकून ते सगळं गोळा केलं
आन् उठताना निम्म्यात थांबला.
तसाच, कमान करून.
आमी दोगांनी धरून रिक्षात घातला.
सीपीआरात फोटू काढला, मनका धड निगाला.
खोकं दुसऱ्या दिवशी थप्पीमागं घावलं.
बाळकू काय परत आला न्हाई.
तुज्या फारमात ह्याला रकाना हाय का?
नसला तर कडंला लिव्ह, बारीक अक्षरात.

अगं, कागद! वारं सुटलं बग—
थांब, मी धरतो—

आई गं.

न्हाई, हात दिऊ नगं.
असं धरून उठवलं की जास्तच कळ येती.
जरा असाच ऱ्हातो, गुडघ्यावर हात ठिवून.
वस्ताद असता तर श्या घातल्या असत्या,
कमरंत वाकलास, गाढवा.

हसतीस काय. बरं, हास.
हा घे तुजा कागद.
मगाशी इचारत हुतीस न्हवं,
कळ पैल्यांदा कवा आली, काय उचलताना?
पैल्यांदाचं आटवत न्हाई.
आजचं लिव्ह. कागद. नग येक.

आन् ती पिशवी दुसऱ्या खांद्यावर घे.
मगापासनं बगतोय,
येका अंगाला कललीयास.